बोटावरची गाठ कापण्याआधी करडाचं तोंड आठवा

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. धाकटी मुलगी सहा वर्षांची. साडेतीन महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या काखेत साबुदाण्यासारखे तीन दाणे आले. आता काखेत, दंडाच्या आतल्या बाजूला आणि बरगडीवर मिळून अठरा झालेत. त्यातले दोन गेल्या आठवड्यापासून लालबुंद आहेत, आजूबाजूची कातडी खरखरीत होऊन खाजते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, बरं होईस्तोवर पाठवू नका. सासूबाईंचं म्हणणं, काजूच्या टरफलाचं तेल लावलं की चामखीळ गळते, तसं हेही जाईल. थोरला दहा वर्षांचा. त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर तीन आठवड्यांपूर्वी लाल पुटकुळी आली, ती वाढत वाढत सुपारीएवढी झाली. मधे ओलसर लाल, भोवती पांढरी कडा. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. एका दवाखान्यात चिरा देऊन पाहिलं, पू निघालाच नाही, नुसतं रक्त आलं. आता ऑपरेशन करून गाठ काढून टाका म्हणतात. दोघांना एकच रोग आहे का? वाडीत लम्पीची चर्चा आहे, तसलं तर काही नाही ना? आमच्याकडे गाय नाही, चार शेळ्या आहेत. गेल्या महिन्यात दोन करडांना तोंड आलं होतं, त्यांना थोरलाच बाटलीने दूध पाजायचा.

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. करडांना तोंड आलं होतं आणि थोरला त्यांना बाटलीने पाजत होता. ही ओळ त्या दोन्ही दवाखान्यांत कुणी विचारली नसणार, आणि तुम्हीही सांगितली नसणार. मुलाचं बोट दाखवायला गेल्यावर शेळीचा विषय कोण काढतो?

पत्रावरून रोगाचं निदान होत नाही, ते डोळ्यांनी पाहूनच व्हायला हवं. पण काय करू नये हे आजच सांगता येतं. थोरल्याचं ऑपरेशन लांबणीवर टाका. धाकटीला काजूचं तेल लावू नका. हे दोन्ही थांबलं की बाकीचं सावकाश पाहता येईल, कारण दोघांच्याही अंगावर जे दिसतंय ते बहुधा आपोआप जाणारं आहे.

आधी बोट. शेळ्यामेंढ्यांच्या ओठांवर, नाकपुड्यांभोवती आणि कधी कासेवर जाड खपल्या येतात, त्या रोगाला पशुवैद्यक मावा म्हणतात. त्याचा विषाणू माणसाच्या कातडीत शिरला की जे होतं त्याला ऑर्फ म्हणतात. शिरायला एखादा ओरखडा, नखाशेजारी सोललेलं कातडं किंवा करडाच्या दातांचा चुटपुटता घाव पुरतो. बाटलीचं बूच धरताना करडाचे ओठ नेमके तर्जनी आणि अंगठ्यावर घासतात, म्हणून गाठ बहुतेक वेळा तिथेच येते. संपर्कानंतर साधारण तीन ते सात दिवसांत लाल पुटकुळी उठते. तुमचा हिशोब पाहा : गेल्या महिन्यात करडांचं तोंड, तीन आठवड्यांपूर्वी पुटकुळी. जुळतं.

त्यानंतर ही गाठ जवळपास आठवड्याला एक रूप बदलते. पहिल्या आठवड्यात लाल, किंचित उंच ठिपका. दुसऱ्यात ती चांदमारीच्या लक्ष्यासारखी दिसते : मधे लाल, त्याभोवती पांढरं कडं, त्याबाहेर पुन्हा लाली. तिसऱ्यात वरचं कातडं पातळ होऊन गाठ ओलसर होते, रसरशीत दिसते, धक्का लागला की भळकन रक्त येतं. चौथ्यात वर कोरडं पापुद्र्यासारखं आवरण येतं आणि त्यातून बारीक काळे ठिपके दिसतात. मग पृष्ठभाग चामखिळीसारखा खडबडीत होतो, शेवटी खपली धरून गाठ ओसरते. एकूण सहा आठवडे, कधी आठ. व्रण सहसा राहत नाही. तुमचा मुलगा आज या रांगेत मधोमध उभा आहे, म्हणजे गाठ सगळ्यात भयंकर दिसते त्या आठवड्यात. ऑपरेशनचा सल्ला नेमका याच वेळी मिळतो, यात नवल नाही.

पू का निघाला नाही, तेही यातच आलं. ती गळू नव्हतीच. आत पुवाची पोकळी नसते. फुगलेल्या पेशी आणि नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या असतात, म्हणून चिरा दिला की रक्तच येतं. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, म्हणून दोन कोर्स वाया गेले. ती औषधं लागतात ती वरून जिवाणूंचा संसर्ग झाला तर, एरवी नाही. गाठ कापून काढली तरी बरं होण्याचा वेळ फारसा वाचत नाही. उलट बोटाच्या सांध्यावर टाके पडतात, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या लिहिण्याच्या हातावर कायमचा वण राहू शकतो.

आता डॉक्टरांची बाजूही समजून घ्या. किनाऱ्यावर मुलाच्या बोटावर गाठ दिसली की मनात पहिला विचार येतो तो माशाच्या काट्याचा. तो बरोबरही असतो. काटा रुतल्यावर दोनतीन दिवसांत बोट जांभळट लाल होऊन सुजतं, ठणकतं, लाली हळूहळू कडेने पसरते. हा जिवाणूंचा आजार आहे आणि पेनिसिलिनने उतरतो. त्यामुळे तुमच्याकडे अँटिबायोटिक दिलं गेलं, हे चुकीचं म्हणता येणार नाही. चूक दुसऱ्या कोर्सच्या वेळी झाली. पहिल्याने फरक पडला नाही तेव्हा गोळी बदलण्याऐवजी प्रश्न बदलायला हवा होता.

तो प्रश्न म्हणजे गाठ येण्याआधीच्या दोन आठवड्यांत हाताने कशाला स्पर्श केला. म्हशीच्या किंवा गाईच्या सडांवर फोड असतील आणि मूल धार काढायला बसत असेल, तर हुबेहूब अशीच गाठ येते. तिला दूध काढणाऱ्यांची गाठ म्हणतात, ती ऑर्फच्या सख्ख्या भावामुळे होते. म्हशींच्या देवीचा विषाणू मात्र वेगळा. महाराष्ट्रात तो म्हशींकडून माणसांकडे आल्याच्या नोंदी आहेत. त्यात फोड जास्त दुखतात, खळगा पडून पू भरल्यासारखे दिसतात, ताप येतो, काखेत गाठ येते. बोट चोखणाऱ्या लहान मुलांच्या बोटावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुपका आला आणि तो विलक्षण ठणकत असला, तर तो हर्पिसचा. तोही कापायचा नसतो. आठवड्यादोन आठवड्यांत कोंबासारखी उगवलेली, गुळगुळीत लालभडक आणि कपड्याचा स्पर्श झाला तरी रक्ताची धार लागणारी गाठ असेल तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते. तिला विषाणूशी देणंघेणं नाही, आणि ती मात्र काढावीच लागते. म्हणजे ज्या ऑपरेशनला आज नाही म्हणायचं, तेच दुसऱ्या गाठीला योग्य ठरतं. सगळा भर ओळखीवर आहे तो यासाठी.

एका गोष्टीत थांबायचं नाही : काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स. माणसाच्या कातडीवर ती खाजणाऱ्या पुटकुळीने सुरू होते, दोनचार दिवसांत मधे कोळशासारखी काळी खपली धरते, आणि भोवती गाठीच्या मानाने खूपच मोठी सूज येते. दुखत मात्र नाही. त्याच सुमारास गावात एखादं जनावर अचानक मरून नाकातोंडातून काळं रक्त आलं असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तुमच्या मुलाची गाठ तीन आठवडे सावकाश वाढली आहे आणि मधे लाल आहे, त्यामुळे हे संभवत नाही. पण 'मधे काळं, भोवती प्रचंड सूज, वेदना नाही' हे तीन शब्दसमूह गोठा असलेल्या प्रत्येक घराने लक्षात ठेवावेत.

ऑर्फची खात्री करायची तर बहुतेक वेळा गोष्ट ऐकून आणि गाठ पाहूनच होते. डॉक्टरांना शंका असेल तर विषाणूची पीसीआर तपासणी करता येते. इथे नेहमी एक घोटाळा होतो. खपलीचा तुकडा किंवा ओल्या जागेवरून फिरवलेला काडीचा नमुना कोरड्या निर्जंतुक नळीतच जायला हवा. फॉर्मालिनमध्ये बुडवला की त्यातून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहता येतात, पण पीसीआरसाठी तो जवळपास निकामी होतो. नमुना लवकर घेतला तितका बरा, खपली धरून गाठ ओसरायला लागल्यावर विषाणू कमी होत जातो. आणि कागदावर 'शेळ्यांशी संपर्क, करडांना मावा' एवढं ठळक लिहायला सांगा. नाहीतर प्रयोगशाळेतला माणूस भलत्याच दिशेने शोधत बसतो.

बोटाची निगा साधी आहे. दिवसातून एकदा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करायचं, सैल गॉज गुंडाळायचा. प्लॅस्टिकची पिशवी किंवा चिकटपट्टी गच्च बांधली तर आपल्या दमट हवेत आत पाणी सुटतं आणि मग खरोखरच पू होतो. हळद, चुना, टूथपेस्ट काही नको. खपली ओढायची नाही. चिरा दिलेला आहे, तेव्हा धनुर्वाताची लस तपासा. लसीकरणाच्या वेळापत्रकात दहाव्या वर्षी टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं इंजेक्शन असतं, ते झालंय का ते पाहा. हाताला लाल रेघ चढू लागली, ताप आला, बोट वाकवता येईना किंवा काखेत अवधाण येऊन दुखू लागलं, तर लगेच दाखवा. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे झाली तर घाबरणार नाही. गाठ आल्यानंतर दोनचार आठवड्यांनी काही मुलांच्या हातांवर, कोपरांवर गोल चकत्या उठतात, कड्याच्या आत कडं असलेल्या. ती विषाणूविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया असते, ऑर्फ अंगभर पसरलेला नसतो. डॉक्टरांना दाखवा. तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले तर त्याच दिवशी दाखवा.

बोटावरून हा रोग दुसऱ्या माणसाला लागणं फारच विरळा. तो येतो शेळीकडून. म्हणून खरी राखण गोठ्यात. मावा झालेल्या करडांच्या खपल्या गळून तोंड पूर्ण साफ होईपर्यंत थोरल्याने त्यांना पाजायचं नाही, मोठ्यांनी रबरी हातमोजे घालून पाजावं. गळलेल्या खपल्यांत विषाणू कोरड्या जागी कित्येक महिने तग धरतो. त्यामुळे गव्हाण आणि कोपरे झाडून तो केर जाळून टाका, शेणखतात मिसळू नका. आजारी करडू आईला लुचलं की शेळीच्या सडांवर फोड येतात आणि ती लाथा झाडते, तेव्हा कासही पाहा. शेळीचं तोंड आलं म्हणजे दर वेळी मावाच असतो असं नाही. ओठांच्या बाहेरून कोरड्या, उंच, फुलकोबीसारख्या खपल्या असतील तर मावा. तोंडाच्या आत फोड, लाळ आणि खुरांत जखमा असतील तर लाळ्या खुरकूत. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव आणि पाठोपाठ हगवण असेल तर पीपीआर, म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा प्लेग, ज्यात करडं पटापट दगावतात. तुमच्या करडांना नेमकं काय झालं होतं, हे पशुवैद्यकाला विचारून ठेवा. १९६२ या क्रमांकावर पशुसंवर्धनाचा फिरता दवाखाना बोलावता येतो. त्यांचं उत्तर मुलाच्या केसपेपरसाठी उपयोगी पडेल. एकदा ऑर्फ झाला म्हणजे जन्माची सुटका झाली असंही नाही, पुन्हा होऊ शकतो. दुसऱ्या वेळी गाठ सहसा लहान असते आणि लवकर जाते.

लम्पीचं म्हणाल तर निर्धास्त राहा. २०२२ मध्ये महाराष्ट्रात गाईंना लम्पीने गाठलं तेव्हाही हाच धसका होता, पण लम्पीचा विषाणू माणसाला लागत नाही.

आता दोघांना एकच रोग आहे का, याचं उत्तर : घराणं एक, बिऱ्हाडं वेगळी. धाकटीच्या वर्णनावरून तिला मोलस्कम असावा. मोलस्कम, ऑर्फ, लम्पी हे तिन्ही त्याच विषाणूकुळातले ज्यातली देवी १९८० मध्ये जगातून हद्दपार झाल्याचं जाहीर झालं. पण मोलस्कमचा विषाणू फक्त माणसात राहतो. तिला तो शेळीकडून आला नाही, भावाकडूनही नाही. एखाद्या मुलाच्या अंगाला अंग लागून, एकाच टॉवेलने पुसून किंवा व्हाळात, तळ्यावर एकत्र पोहून आला असेल. लागण होऊन दाणा दिसायला दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कितीही वेळ जातो. तेव्हा 'कोणाकडून आला' याचा शोध घेऊन शेजारणीशी वाकडं घेण्यात अर्थ नाही.

घरच्या घरी ओळख पटवायची तर मुलीला खिडकीपाशी बसवा आणि मोबाईलची बॅटरी दाण्याच्या समोरून न धरता कडेने, कातडीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. मोलस्कमचा दाणा घुमटासारखा, गुळगुळीत, मोत्यासारखा चमकणारा असतो, साधारण दोन ते पाच मिलीमीटर. आडव्या उजेडात त्याच्या माथ्यावर बेंबीसारखा खळगा दिसतो. अगदी लहान दाण्यांना खळगा नसतो, म्हणून सगळ्यात मोठे तीनचार पाहा. चामखिळीला असा खळगा नसतो. तिचा माथा खडबडीत असतो आणि वर काळे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे गोठलेल्या रक्ताने बंद झालेल्या बारीक रक्तवाहिन्या, लोक त्यांना चामखिळीची मुळं समजतात. तळहात-तळपायावर दाणे असतील तर मोलस्कमवर शंका घ्या, तो तिथे सहसा येत नाही. रात्री खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि घरात दोघातिघांना तेच असेल तर आधी खरूज तपासा. दोन्ही गालांवर, कोपरांच्या बाहेरच्या बाजूला आणि ढुंगणावर एकाच मापाचे लालसर दाणे काही दिवसांत एकदम उठले असतील, तर ती दुसऱ्याच कुठल्या विषाणूवर उमटलेली प्रतिक्रिया असू शकते आणि महिनादोन महिन्यांत जाते. त्वचारोगतज्ज्ञ भिंगाच्या दिव्याने पाहतात तेव्हा मोलस्कममध्ये मधे पांढरट पिवळा गोळा आणि त्याच्या कडेने मुकुटासारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. एवढ्याने निदान होतं. फारच अडलं तर दाण्यातला चुन्याच्या गोळीसारखा गर काचपट्टीवर दाबून, रंगवून पाहतात. त्यात जे फुगीर गोळे दिसतात ते हेंडरसन आणि पॅटरसन यांनी १८४१ मध्येच वर्णिले होते, विषाणू म्हणजे काय हेही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. तुम्ही मात्र घरी तो गर पिळून काढू नका. तोच गर जिथे सांडतो तिथे नवे दाणे उगवतात.

लाल झालेल्या दोन दाण्यांनी तुम्ही घाबरलात, पण ती बहुधा चांगली खूण आहे. इतके महिने शरीराला या विषाणूचा पत्ताच नव्हता, आता लागला आहे. दाणा लाल होतो, सुजतो, कधी टोकाला पिवळट दिसतो आणि दोनतीन आठवड्यांत कोसळतो. अशा दाण्यांना अँटिबायोटिक लागत नाही. लाली रोज पसरत गेली, हात लावू देईना इतकं दुखलं किंवा ताप आला, तरच ते संसर्गाचं लक्षण. खरखरीत, खाजणारी कातडी म्हणजे दाण्यांभोवतीचा इसब. त्याची खाज हाच खरा शत्रू, कारण खाजवलेल्या नखांच्या रेषेत दाण्यांची रांग उठते. नखं कापा, अंघोळीनंतर तीन मिनिटांत ओलसर अंगावर साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा, घासणी आणि काथ्या बंद. तरी खाज राहिली तर डॉक्टर काही दिवसांसाठी सौम्य स्टेरॉइड मलम देतील. ते खरखरीत कातडीवर लावायचं. दुकानातून मिळणारं नायट्याचं तीनचार औषधं मिसळलेलं मलम लावू नका, त्यात तीव्र स्टेरॉइड असतं आणि काखेच्या नाजूक कातडीवर त्याने पातळ, कायमचे पट्टे उमटतात.

आता सासूबाईंचं तेल. त्यांचं निरीक्षण खोटं नाही, काजूच्या टरफलाच्या तेलाने चामखीळ खरंच गळते. का गळते ते पाहा. ओले काजूगर सोलणाऱ्या बाईची बोटं आठवा : काळी पडलेली, टोकांचं कातडं सोललेलं. मे महिन्यात आंब्याच्या देठाचा चीक गालाला लागून मुलाच्या तोंडावर जो काळा चट्टा पडतो, तोही आठवा. आंबा, काजू, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं, आणि तिघांच्या चिकात कातडी जाळणारी एकाच धर्तीची द्रव्यं आहेत. टाचेच्या जाड कातडीवरचा एक थेंब वेगळा आणि सहा वर्षांच्या मुलीच्या काखेतले अठरा थेंब वेगळे. काखेत घाम असतो, हात खाली केला की तेल समोरच्या कातडीला लागतं, आणि जिथे जिथे भाजतं तिथे विषाणूला नवी जागा मिळते. दाणा गेला तरी त्याजागी उरणारा डाग पुढे कित्येक महिने किंवा कायमचा राहतो. बिब्बा, रुईचा चीक, चुना-सोडा, घोड्याचा केस बांधणं, सगळ्याला हेच लागू. सासूबाईंना 'तुमचं चुकतं' असं न म्हणता हा हिशोब सांगा. काजू सोललेल्या माणसाला तो चटकन पटतो.

मग करायचं काय? आमचं मत, अठरा दाण्यांसाठी काहीही न करणं हा पहिला पर्याय धरावा. एकेक दाणा दोनेक महिने टिकतो, नवे येत राहतात, आणि सगळं मिळून सहा महिने ते दीड वर्षात, क्वचित त्याहून उशिरा, साफ होतं. मुलगी हैराण असेल, दाणे भराभर वाढत असतील किंवा चेहऱ्यावर येऊ लागले, तर त्वचारोगतज्ज्ञ दाणे खरवडून काढू शकतात. त्याआधी बधिर करणारं (लिडोकेन-प्रिलोकेनचं) मलम लावून वर पारदर्शक पट्टी लावतात. इथे मापाची चूक घातक ठरू शकते. हे मलम घरून लावून या असं सांगितलं तर ट्यूब रिकामी करू नका. २० किलोपेक्षा जास्त वजनाच्या, सात ते बारा वर्षांच्या मुलाला एका वेळी कमाल २० ग्रॅम चालतं. पण सहा वर्षांच्या मुलीला कमाल १० ग्रॅम, तेही सगळी जागा मिळून १०० चौरस सेंटिमीटरच्या आत. इसबाच्या किंवा ओरखडलेल्या कातडीतून ते फार भरकन आत शिरतं, म्हणून तिथे डॉक्टरांच्या नजरेखालीच लावावं. मूल निळसर, सुस्त दिसू लागलं तर मलम पुसून थेट रुग्णालयात जायचं. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण हा दुसरा उपाय. ते टूथपिकच्या टोकाने फक्त दाण्याच्या माथ्यावर लावतात, दाणा लाल झाला की थांबतात. द्रव नायट्रोजनने गोठवणं मोठ्या मुलांना जमतं, पण सावळ्या कातडीवर त्याचे पांढरे ठिपके राहू शकतात. इमिक्विमॉड मलम मुलांच्या मोलस्कमवर उपयोगी पडत नाही, हे चाचण्यांत दिसलं आहे. कुणी लिहून दिलं तर जरूर विचारा, कशासाठी.

काही वेळा मात्र थांबून पाहणं बरोबर नाही. पापणीच्या काठावर दाणा असेल तर त्यातून सुटणारा गर डोळ्यात जाऊन डोळा महिनोन्‌महिने लाल राहतो, तेव्हा नेत्रतज्ज्ञाला दाखवा. दाणे दीड सेंटिमीटरहून मोठे, शेकड्याने, चेहराभर असतील, सोबत वजन घटत असेल किंवा वारंवार न्यूमोनिया, तोंडात पांढरं येत असेल, तर मुलाची प्रतिकारशक्ती तपासायला हवी, एचआयव्हीसह. अशा मुलांत काही बुरशीजन्य आजारही हुबेहूब मोलस्कमसारखे दिसतात आणि तिथे तुकडा काढून तपासावाच लागतो. लहानपणापासून चपट्या चामखिळी आणि शिब्यासारखे चट्टे अंगभर वाढत असतील, आईवडील नात्यातले असतील, तर हा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार असू शकतो. त्यात उन्हापासून जपणं फार महत्त्वाचं, कारण उन्हातल्या चट्ट्यांचा पुढे कर्करोग होऊ शकतो. गुडघ्यावर किंवा पायावर एकच खडबडीत चट्टा वर्षभर हळूहळू पसरत असेल तर ती चामखीळ नसून कातडीचा क्षय असू शकतो. जांघेत, गुप्तांगाजवळ दाणे आले तर लगेच भलती शंका घेऊ नका, मूल स्वतःच्या हाताने ते तिथे नेतं. पण बालरोगतज्ज्ञाला ती जागा जरूर दाखवा, आणि मुलाच्या वागण्यात बदल किंवा भीती दिसत असेल तर तेही सांगा. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८.

डॉक्टरांकडे जाताना दोन्ही मुलांचे फोटो न्या. दर रविवारी, त्याच खिडकीत, फ्लॅश बंद ठेवून, शेजारी शाळेची पट्टी धरून काढलेले. गाठ आठवड्याला कशी बदलली हे चार फोटोंत जितकं कळतं तितकं एका तपासणीत कळत नाही, ऑर्फमध्ये तर विशेषच. गुहागरहून चिपळूण किंवा रत्नागिरीला जाणं जमत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन दवाखान्यात हेच फोटो दाखवता येतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांनाही दाखवून ठेवा.

आणि शाळेचं. मोलस्कमसाठी मुलीला एक दिवसही घरी ठेवायची गरज नाही, नाहीतर तिचं वर्ष बुडेल. कपड्याखाली झाकलेल्या दाण्यांतून वर्गात बसल्या बसल्या काही पसरत नाही. टॉवेल आणि नॅपकिन वेगळा ठेवा, पोहायला जाताना दाण्यांवर पाण्याने न निघणारी पट्टी लावा, भावंडांना एकत्र अंघोळ नको. थोरल्यानेही बोटाला गॉज बांधून शाळेत जावं. बाईंना तोंडी सांगून पटणार नसेल तर डॉक्टरांकडून केसपेपरवर एवढं लिहून घ्या : 'हिला मोलस्कम आहे. दाणे कपड्याने झाकलेले आहेत. शाळेत येण्यास, सर्वांसोबत बसण्यास, जेवण्यास व खेळण्यास हरकत नाही.' खाली सही, शिक्का आणि तारीख.